लग्न झालेलं नाही, मूल झालंय: कोणता कागद, कधी आणि कशासाठी

खिडकीपलीकडच्या कारकुनानं बाळाची जन्मतारीख लिहिली, वेळ लिहिली, आईचं नाव लिहिलं आणि ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. “मिस्टरांचं आधार?” वर न बघताच त्यानं विचारलं. माझ्यासोबत आलेल्या मुलीच्या कुशीत तेरा दिवसांचं बाळ होतं, टॉवेलात घट्ट गुंडाळलेलं. ती म्हणाली, “मिस्टर नाहीत.” “म्हणजे वारले?” “नाही. लग्नच झालेलं नाही.” मागची रांग एकदम गप्प झाली. “मग नोंद नाही व्हायची,” असं सांगून कारकुनानं फॉर्म परत सरकवला.

त्याचं म्हणणं चुकीचं होतं. दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र घेऊन आम्ही त्याच्या वरिष्ठांना भेटलो, तेव्हा वीस मिनिटांत नोंद झाली. पण ती रात्र त्या मुलीनं कशी काढली ते मी पाहिलंय. विधी सेवेची स्वयंसेवक म्हणून अशा खूप जणींसोबत आणि काही बापांसोबतही मी खिडक्यांवर उभी राहिले आहे. हा लेख त्यांच्यासारख्या, पहिल्यांदाच या वाटेवर आलेल्या लोकांसाठी आहे. यातला कायदा भारतातला आहे, कार्यालयांचे अनुभव महाराष्ट्रातले.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा पोटापाण्याचा हक्क जात नाही. लग्नाच्या नवराबायकोच्या मुलाचा बाप कोण, हे कायदा गृहीत धरतो. लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या बाबतीत मात्र तो काहीच गृहीत धरत नाही. तिथे बापाचं नातं कागदावर आणावं लागतं, नाहीतर कोर्टात सिद्ध करावं लागतं. म्हणून दोघांचं बोलणं चालू आहे तोवर कागद करून घ्या. आज ‘मी आहे ना’ म्हणणारा माणूस दोन वर्षांनी फोन उचलेलच असं नाही. आणि आज फोटो पाठवणारी आई उद्या मुलाला भेटू देईलच असंही नाही.

आणखी एक. कोर्टाच्या कागदांत तुम्हाला ‘अनौरस’ हा शब्द दिसेल. ऐकायला तो फार लागतो. पण ज्या कलमांमधून तुमच्या मुलाला हक्क मिळतात, त्याच कलमांमध्ये हा शब्द बसलेला आहे. वकिलानं अर्जात तो लिहिला म्हणून त्याच्यावर चिडू नका.

पहिले २१ दिवस

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर खबर दवाखानाच देतो, त्यामुळे पहिली चूक किंवा पहिली बरोबर नोंद तिथेच होते. डिस्चार्जच्या आधी जन्माचा फॉर्म स्वतः वाचा. नर्स घाईत ‘सौ.’ लावते, रकाना रिकामा राहू नये म्हणून बरोबर आलेल्या कुठल्याही पुरुषाचं नाव वडील म्हणून टाकते. मी एका बाळाच्या नोंदीत मामाचं नाव वडील म्हणून पाहिलंय. ते दुरुस्त करायला आईला सात महिने लागले.

२०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. एकल पालक किंवा अविवाहित आईच्या पोटी मूल जन्मलं तर त्या पालकानं स्वतः खबर द्यायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ‘मिस्टर’ नसतात असंही घडतं, हे आता कायद्यालाच ठाऊक आहे. आईवडिलांचा आधार क्रमांकही त्यात ‘असल्यास’ द्यायचा आहे. खिडकीवर कोणी अडवलं तर हे दोन मुद्दे शांतपणे सांगा.

त्याच्याही आधी, ६ जुलै २०१५ ला, सर्वोच्च न्यायालयानं एक महत्त्वाचा निकाल दिला होता. नाव गुप्त ठेवण्यासाठी त्या आईला निकालपत्रात फक्त ‘एबीसी’ म्हटलंय. ती नोकरदार बाई होती. आपल्या बचतीवर मुलाला वारसदार म्हणून लावायला गेली, तर तिच्याकडे मुलाच्या बापाची संमती किंवा कोर्टाचं पालकत्वाचं पत्र मागितलं गेलं. कोर्टात गेली तेव्हा खालच्या कोर्टांनी बापाचं नाव-पत्ता मागितला, कारण त्याला नोटीस काढायची होती. तिनं नकार दिला आणि ती शेवटपर्यंत लढली. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बापाला नोटीस न देता अविवाहित आईला मुलाची पालक म्हणून नेमता येतं. एकट्या पालकानं किंवा अविवाहित आईनं जन्मदाखला मागितला, तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि दाखला द्यायचा, असंही त्यांनी म्हटलं. या निकालाची छापील प्रत पिशवीत असू द्या. मी कायम ठेवते.

प्रतिज्ञापत्र अगदी साधं असतं: मी अमुक, माझ्या पोटी अमुक तारखेला, अमुक ठिकाणी मूल जन्मलं, माझा विवाह झालेला नाही, मी एकटी या मुलाची पालक आहे, वडिलांचा रकाना रिकामा ठेवावा. बस्स. बापाबद्दलची कहाणी त्यात लिहू नका. कोणी विचारलं तरी नाही.

२१ दिवस उलटले असतील तरी घाबरण्याचं कारण नाही. ३० दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वर्षाच्या आत असाल तर विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. नाव ठरलेलं नसलं तरी जन्माची नोंद थांबवू नका. मुलाचं नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, आणि शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

रकान्यात बापाचं नाव घालायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत असं: बाप तयार असेल, धोकादायक नसेल आणि आईला ते हवं असेल, तर घाला. दोघांनी मिळून जा, दोघांच्या सह्या होऊ द्या, आणि बापाकडून पितृत्व मान्य असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र नोटरी करून घ्या. हा एक कागद पुढे पोटगी, वारसा, भेटी या सगळ्यात दोघांच्याही उपयोगी पडतो. बापानंही तो स्वतःहून करावा. मुलावर जीव असलेल्या बापाच्या हातात याहून मोलाचं काही नसतं.

तो मारणारा असेल, धमक्या देत असेल, किंवा तुम्हाला त्याच्याशी कुठलाही धागा नको असेल, तर रकाना रिकामा ठेवा. पुढे गरज पडली तर पितृत्व सिद्ध करून नोंद दुरुस्त करता येते. आज सोडलेला रकाना म्हणजे हक्क सोडून दिला असं होत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घरची मंडळी सुचवतात, ‘आजी-आजोबांचंच मूल म्हणून लावू’ किंवा ‘काकांचं नाव टाकू, कोणाला कळतंय.’ खोटी माहिती देणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, पण माझा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. त्या एका खोट्या ओळीनं आई कागदावर स्वतःच्याच मुलाची बहीण होते. नंतर ताबा, वारसा, पासपोर्ट, सगळीकडे ती परकी ठरते.

बाप नाही म्हणतोय

मग पितृत्व सिद्ध करायचं. बहुतेकांना वाटतं, कोर्टात गेलं की लगेच डीएनए चाचणी होते. तसं नसतं. ही चाचणी सरसकट देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून सांगितलं आहे. आधी न्यायाधीशाला वाटावं लागतं की तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून पुरावा गोळा करा: दोघांच्या नावावरचा भाडेकरार, एकत्र राहिल्याचं सांगू शकणारे शेजारी, सोनोग्राफीच्या केसपेपरवर त्यानं केलेली सही, दवाखान्याच्या बिलाचे त्याच्या खात्यातून गेलेले पैसे, मेसेज. मोबाईल बदलला तरी जुना विकू नका. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकिलाला ते आठवणीनं विचारा.

कोर्टानं आदेश दिला आणि तो माणूस नमुना द्यायला आलाच नाही, तर न्यायालय त्यावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. ज्येष्ठ राजकारणी नारायणदत्त तिवारी यांनी वर्षानुवर्षं रक्त द्यायला नकार दिला होता. शेवटी न्यायालयाच्या आदेशावरून ते घेतलं गेलं आणि जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अहवाल उघडला, तेव्हा ते पितृत्वाचा दावा करणाऱ्या तरुणाचे जैविक पिता असल्याचं सिद्ध झालं. बापाचं वय किंवा वजन इथे कामाला येत नाही.

बाहेरच्या खाजगी लॅबमधून घाईनं चाचणी करून आणू नका. नमुना कोणाचा, कोणी घेतला, हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो आणि पैसे वाया जातात.

इथे एक अवघड वळण आहे, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. आई कागदोपत्री दुसऱ्या कोणाची बायको असेल, घटस्फोट झालेला नसेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ आडवं येतं. वैध लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवल्याशिवाय ते गृहीतक हलत नाही. अशा वेळी स्वतः अर्ज खरडू नका, सरळ वकील गाठा.

उलट बाजूनं, बाप दुसऱ्या कोणाचा नवरा असेल तर मुलाच्या पोटगीला काहीही बाधा येत नाही.

पोटगी

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ हे १ जुलै २०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ होतं, आणि अजून सगळे वकील ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. ऐपत असलेल्या बापानं आपल्या अल्पवयीन मुलाला, औरस असो की अनौरस, पोसलं पाहिजे असं ते सांगतं. धर्म कोणताही असो. हिंदूंसाठी १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याचं कलम २० आणखी वेगळं आहे, आणि ते आई-बाप दोघांनाही बांधून घेतं.

अर्ज बाप राहतो तिथे करता येतो, किंवा तुम्ही दोघं शेवटी जिथे एकत्र राहत होतात तिथे. मोठ्या शहरांत कुटुंब न्यायालयात, इतरत्र दंडाधिकाऱ्यांकडे. मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज लावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, पण ‘६० दिवस’ हे शब्द न्यायाधीशांसमोर म्हणायला लाजू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून वाट बघत बसण्यात मुलाचंच नुकसान आहे.

आदेश मिळाल्यावर लोक निर्धास्त होतात, आणि इथेच चुकतात. तो पैसे देत नसेल तर थकबाकीच्या वसुलीचा अर्ज, रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दीड वर्ष थांबलात तर आधीचे महिने या वाटेनं हातचे जातात. वॉरंट निघूनही त्यानं भरले नाहीत तर कैदेची तरतूद आहे.

आईच्या स्वतःच्या पोटगीची वाट वेगळी आहे. कलम १४४ मध्ये ‘पत्नी’ हा शब्द आहे. पण तुम्ही नवराबायकोसारखे एका घरात राहत असाल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लागू होऊ शकतो. त्यात पैसे, राहायची जागा, मुलाचा तात्पुरता ताबा, सगळं एकाच अर्जात मागता येतं. आणि तुम्ही आज जिथे राहता, तात्पुरत्या का होईना, तिथेच अर्ज करता येतो.

‘दोन लाख एकदम देतो, पुन्हा काही मागायचं नाही’ अशा स्टॅम्प पेपरवर सही करू नका. पोटगीचा हक्क मुलाचा आहे, आई तो विकू शकत नाही. अशा कागदानं कोर्टाचे हात बांधले जात नाहीत, तुम्हाला मात्र उगाच त्रास होतो.

बापांसाठी

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण मुलाजवळ राहू इच्छिणारे बाप माझ्याकडे येतात तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६, कलम ६: लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. म्हणजे सुरुवातीला कायद्याचं पारडं आईकडे झुकलेलं आहे. पण त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वांत वर. तुम्हाला भेटी किंवा ताबा हवा असेल तर पालक आणि पाल्य अधिनियम १८९० खाली अर्ज करायचा, तोही मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. हा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी खुला आहे. मूल कळतं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणंही ऐकतात.

अर्जात ‘माझा हक्क’ कमी आणि मुलाचं रोजचं जगणं जास्त असू द्या: लस कोणी दिली, रात्री कोण उठायचं, त्याला कशाची ॲलर्जी आहे. हे सांगता येत नसेल तर आधी सांगता येईल असं वागायला सुरुवात करा. कोर्टानं सांगायची वाट न बघता दर महिन्याला ठरावीक रक्कम बँकेतून आईच्या खात्यात टाका, रोख देऊ नका. आई पितृत्व नाकारत असेल तर चाचणीची तयारी स्वतःहून लेखी दाखवा.

मुलाला उचलून नेऊ नका. अनौरस मुलाचा बाप असल्याचं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला अपहरणाच्या कलमात अपवाद आहे, आणि काही वकील त्याच जोरावर धीर देतात. गुन्हा कदाचित टिकणार नाही. पण ताब्याच्या अर्जात तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध वाचली जाईल, आणि मुलाच्या मनात तो दिवस राहील तो वेगळाच.

पहिल्या भेटी बहुधा कोर्टातल्या मुलांच्या खोलीत होतात, समुपदेशकाच्या नजरेखाली. एक बाप मोठी बॅटरीवरची गाडी घेऊन आला होता. अडीच वर्षांची मुलगी गाडीला घाबरून आईच्या ओढणीत शिरली. तासभर तो एकटाच रिमोट धरून बसला. पुढच्या वेळी मी त्याला म्हटलं, काही आणू नका, जमिनीवर बसा. तो खडू घेऊन फरशीवर नुसता गोल काढत बसला. पंधरा मिनिटांनी तिनं त्याच्या हातातून खडू काढून घेतला. पुढच्या आठ भेटी त्याच वारी, त्याच वेळेला झाल्या, आणि आदेशात दर रविवारची भेट आली. जे बाप वेळ पाळतात त्यांच्याबद्दल समुपदेशकाचा अहवाल चांगला जातो. मूल लांब राहत असेल तर व्हिडिओ कॉलवरची भेटही मागता येते.

दत्तकाबद्दल एवढं माहीत असू द्या: अविवाहित आई बालकल्याण समितीपुढे एकटीनं मूल सुपूर्द करू शकते, आणि फेरविचाराला तिला ६० दिवस असतात. पण एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं की त्यांना विवाहित जोडप्यासारखंच धरायला हवं, जैविक बापाचा हक्क लग्नावर अवलंबून नाही. त्या जोडप्यातला पुरुष परराज्यात गेला होता, आईनं निराश होऊन मूल सोपवलं, आणि दोघं परत आले तेव्हा ते दत्तक गेलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मला झोप लागली नव्हती.

वारसा

पालकांचं मुळीच लग्न झालेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्यात मूल आपोआप आईचं आणि त्याच आईच्या लग्नाशिवाय झालेल्या भावंडांचं वारस ठरतं, बापाचं ठरत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमधला सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल, आईबापांच्या मालमत्तेत वाटा देणारा, अवैध ठरलेल्या लग्नातल्या मुलांसाठी आहे. लग्नच न लागलेल्यांनी त्यावर विसंबू नये. वर्षानुवर्षं नवराबायको म्हणून राहिलेल्यांचं लग्न झालंय असं न्यायालय गृहीत धरू शकतं, २०२२ मध्ये असाच एक निकाल झाला, पण तो दिवाणी दावा म्हणजे अर्धं आयुष्य. मुस्लिम कायद्यातही बापाकडून वारसा मिळत नाही. सुन्नींच्या हनफी पंथात तो आईकडून मिळतो.

उपाय स्वस्त आहे: बापानं मृत्युपत्र करावं. मुलाचं नाव, जन्मतारीख आणि ‘माझं मूल’ हे शब्द लिहून, दोन साक्षीदारांसमोर, शक्यतो नोंदणी करून. मुस्लिम बापाला एक तृतीयांशापर्यंत असं देता येतं. नुसतं नॉमिनी लावून थांबू नका.

शाळा, पासपोर्ट, पॅन, जात

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं आहे. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून एकाच पालकाचं नाव चालतं. आई एकल पालक असेल तर पॅनच्या अर्जात ५ डिसेंबर २०१८ पासून वडिलांचं नाव सक्तीचं नाही. शाळेनं हट्ट धरला तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावरच प्रवेश होतो.

जातीचा दाखला मात्र अजूनही जिकिरीचा आहे, कारण पडताळणीत वडिलांकडचे पुरावे मागितले जातात. आंतरजातीय विवाहातल्या मुलाबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं की मूल बापाच्याच जातीचं असं सरसकट धरता येत नाही, ते आईच्या समाजात वाढलं का हे बघावं लागतं. आईच्या जातीवर दाखला हवा असेल तर तो धागा धरून आजोळचे कागद आणि शाळेच्या नोंदी लहानपणापासून जपा. तयारी बालवाडीपासून करा, दहावीच्या सुट्टीत नको.

वकिलाकडे जाताना

बाई आणि मूल यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोन करायचा तर १५१००. मारहाणीची भीती असेल तर १८१, मुलाला धोका असेल तर १०९८.

जाताना मुलाचा जन्मदाखला, तुमचं ओळखपत्र, दवाखान्याची फाईल, भाडेकरार, बँकेचं पासबुक आणि एका पानावर तारीखवार लिहिलेला घटनाक्रम न्या. तो घटनाक्रम घरीच, शांतपणे लिहा. समोर बसून सांगताना रडू येतं आणि तारखा विसरायला होतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण वकिलाला तारखा हव्या असतात.